वाचून दाखविले, बरोबर आहे

साक्षीदार क्रमांक चार. पेंटम्मा राजय्या चिलवेरी,
वय अंदाजे बावन्न, धंदा विड्या वळणे,
राहणार साखर पेठ, सोलापूर.
इथवर माझी बोटं न थांबता जातात.
एकोणीस वर्षं या खुर्चीत,
साहेब सांगतात, मी टाइप करते,
लोकांचं बोलणं माझ्या हातून
इस्त्री होऊन निघतं.

टॉवेल कारखान्याला आग लागली त्या रात्री
शटर बाहेरून ओढलं तेव्हा किती वाजले होते?
सातवा कट्टा बांधत होते.
कट्टा म्हणजे किती वाजता?
पंचवीस विड्यांचा एक, ती म्हणाली,
आणि हवेत दोरा गुंडाळून दाखवला.
साहेब म्हणाले, लिहा,
"वेळ मला सांगता येणार नाही."
लिहिलं.

शटरपासून किती फुटांवर होता?
मांडीवर सूप होतं.
मुलगा आत आहे हे ठाऊक होतं?
डबा मीच दिलेला. आंबाडी होती.
कुलूप कुणी लावलं?
हात होता. हिरव्या खड्याची अंगठी.
आणि तोंड?
तोंड नाही आठवत.
अंगठी आठवते, तोंड आठवत नाही,
वकील पंख्याला सांगावं तसं म्हणाले.
आणि मुलगा गेल्याचं सांगताना
डोळ्याला पाणी नाही, हे नोंदीवर घ्यावं, साहेब.
घेतलं.
पाणी नसण्याला नोंदीत जागा असते.

मग तिची मराठी एकाएकी संपली.
बाजार, दवाखाना, मुकादमाशी भांडण
सगळं मराठीत निभावणारी बाई
गळ्याशी हात नेऊन म्हणाली,
वासना.
वासना अजून येते.
मागे दोन ज्युनियर हसले.
बेलिफ मादास पुढे वाकून हळूच म्हणाले,
तेलुगूत वास, साहेब. नुसता वास.
दुरुस्त करा, साहेब म्हणाले.
"ना" एवढंच खोडायचं होतं.
कसला वास, ते कुणी विचारलं नाही.

शेवटचा प्रश्न ठरलेला असतो.
"हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे."
त्या वाक्यात माणसं वाट चुकतात.
तिने मान हलवली,
कुठल्या दिशेने ते मला दिसलं नाही.

विद्यापीठातली एक मुलगी मागच्या बाकावर येऊन बसते,
आघात आणि साक्ष असं काहीसं तिचं संशोधन.
जेवणाच्या सुट्टीत तिने विचारलं,
अंगठीनंतर ती अकरा सेकंद गप्प होती,
ते तुम्ही कुठे टाइप केलेत?
तिच्याकडे घड्याळ होतं, माझ्याकडे स्पेस बार.
म्हटलं, दोन ओळींच्या मध्ये असतील, बघ.
ती खरंच बघायला लागली.

माझ्या वडिलांच्या मरणाची तारीख
मला दाखल्यावरून कळते.
आठवतं ते सिव्हिलच्या जिन्यात
कुणीतरी सोलत बसलेलं मोसंबं.
बरं झालं,
मला कुणी पिंजऱ्यात उभं केलं नाही.

दुपारी तिला चार पानं वाचून दाखवली.
दुसऱ्या कुणाच्या घरचं ऐकावं
तशी ती ऐकत राहिली.
अंगठा लावला, ठसा उमटेना,
चाळीस वर्षं पानातंबाखूने घासलेलं बोट.
पुन्हा शाई. पुन्हा दाबा.
निळा गोळा आला, रेषा नाहीत,
आणि त्याच्या वर
मी आधीच टाइप करून ठेवलेलं
वाचून दाखविले, बरोबर आहे.

बोट पदराला पुसत तिने विचारलं,
बाई, ती वासना आली का ह्यात?
पुढच्या खटल्याचा पुकारा चालू होता.
आली, मी म्हटलं.