शिवडीच्या धक्क्यावरून

डाबरे सर म्हणायचे, आधी कागद भिजव,
मग गप्प बस.
ओल काठापर्यंत पोचेस्तोवर ब्रशला हात लावायचा नाही.

जानेवारी. सकाळचे सात. ओहोटी.
चिखल उघडा पडलाय शिशासारखा,
डागडुजीला काढलेल्या होड्या कुशीवर कलंडल्यात.
माझ्या मांडीवर बोर्ड, बोर्डाला चारी बाजूंनी चिकटपट्टी,
मुरंब्याच्या बरणीत पाणी.

सगळ्यात मागे घारापुरी.
भरपूर पाण्यात कोबाल्टचा एक थेंब.
डोंगर काढायचा नाही, सर म्हणायचे,
डोंगर असावा अशी शंका काढायची.
अलीकडे नवा पूल:
चार खांब दिसतात, पाचवा जवळजवळ,
सहाव्यापासून नुसता विश्वास.

मग माहूल.
चिमण्या, तेलाच्या टाक्या, त्यांच्या पायाशी
एकाच साच्यातून पडलेल्या इमारती.
त्यांना निळ्यात किंचित विटकरी.
राखाडी होतो, पण मेलेला नाही.

जवळचं गडद, दूरचं फिकट.
कड फक्त जवळच्याला.
एवढ्यानं चित्राला खोली येते.

खोली म्हटलं की हेमलताची आठवते.
पाइपलाइनजवळचं घर पाडून त्याबदल्यात मिळालेली,
पाचवा मजला, खिडकी नेमकी या धक्क्याकडे.
ती खिडकी उघडत नाही.
धाकट्याच्या छातीत रात्रभर शिट्टी वाजते;
टीव्हीशेजारी वाफेचं मशीन,
त्यावर तिनंच विणलेला क्रोशाचा रुमाल.

हे धुकं नाही, मला माहीत आहे.
धुक्याला असा वास येत नाही.
तरी हात सफाईनं फिरतो,
इमारतींचे पाय पाण्यात विरघळवतो,
आणि मागे उभा राहिलेला वॉचमन म्हणतो,
मॅडम, काय थंडगार वाटतंय बघून.

थंडगार.

तिथून मीही अशीच दिसत असेन.
कड नसलेली. असावी अशी शंका.

फ्लेमिंगो आज जमले नाहीत, गुलाबी चिखलात सांडला.
टिपकागदानं उचलला तेवढा उचलला.
मग सगळ्यात बारीक ब्रश घेतला
आणि त्या फिकटात, पाचव्या मजल्यावर,
काळ्याच्या जवळ जाणारा एक ठिपका ठेवला,
कोरडा, धारदार कडेचा.
सर असते तर बोर्डच काढून घेतला असता:
दूरची वस्तू अशी अंगावर येते का गं?

कागद वाळला की सगळंच एक पायरी उतरतं.
ठिपकाही उतरला.
मी पुन्हा ब्रश बुडवला.