उसना उजेड

मागच्या अंगणात माझे दोनच खांब.
सिमेंटचे, डोक्यावर मोटारसायकलचा जुना टायर,
टायरातून चहूकडे ओघळलेले
तिधारी, काटेरी, हिरवे हात.
एक खांब विहिरीजवळ, एक भिंतीलगत.
टपाल कचेरीतून निवृत्त झाले त्या आठवड्यात
फांद्या आणल्या, आठ दिवस सावलीत सुकवल्या.
जखम कोरडी झाल्याशिवाय
ड्रॅगनफ्रूट मातीत पाय रोवत नाही.

भिंतीपलीकडे खिएतचं शेत. अकराशे खांब,
ओळीओळीतून लोंबणारे बल्ब.
ऑक्टोबर सरला की दिवस आखडतो,
झाड समजतं, संपलं यंदाचं.
मग रात्री दहाला खिएत खटका ओढतो
आणि दोन वाजेपर्यंत
झाडांशी खोटं बोलतो:
रात्र लहान आहे, उन्हाळा आहे, फुला.

झाडं ऐकतात.

फान थिएतच्या रस्त्यावरून रात्रीची बस जाते
तेव्हा झोपेतून उठलेल्यांना वाटतं, मोठं शहर आलं.
शहर नाही बाबांनो, कळ्या आहेत.

भिंतीला कान असतात म्हणतात.
माझी भिंत गळकी.
वरून सांडलेला पिवळा उजेड
माझ्या दुसऱ्या खांबावर पडायचा, अर्ध्याच अंगावर.
त्या अर्ध्या अंगाला ऐन डिसेंबरात कळ्या,
या अर्ध्याला पत्ताच नाही.
विहिरीजवळचा तर गाढ झोपेत.

"थोआताई, विजेचं बिल पाठवू का?"
खिएत भिंतीवर हनुवटी टेकून विचारायचा.
फुकट ते पौष्टिक, मी म्हणायचे,
आणि फळं पिकली की
ताटलीत तीन ठेवून भिंतीवरून सरकवायचे.
अकराशे खांबांच्या मालकाला तीन फळं!
तो ती वाडवडिलांच्या देव्हाऱ्यात मांडायचा.
त्याची स्वतःची सगळी ट्रकात चढलेली असायची.

यंदा ट्रक सीमेवर उभे राहिले.
किती दिवस, कुणी नीट सांगत नाही.
खिएतने फळं गायींना घातली,
चौथ्या दिवशी गायींनीही तोंड फिरवलं.
नोव्हेंबर आला. दहा वाजले.
मी अंथरुणात पडून खटक्याची वाट पाहिली.
साडेदहा. अकरा.
खिडकीच्या पडद्यावर बारा वर्षांत पहिल्यांदा
नुसता पडदा होता.

एवढ्या अंधारात मला झोप येईना.

तिसऱ्या दिवशी बाजारातून वायर आणली, नऊ मीटर,
स्वयंपाकघरातला बल्ब काढला
आणि काजूच्या फांदीला टांगला, भिंतीच्या डोक्यावर.
दहाला लावायचा, दोनला गजराने उठून मालवायचा.
भात मेणबत्तीच्या उजेडात.
नातीने फोनवर विचारलं, एका बल्बने काय होतं गं?
म्हटलं, बिल येतं.

पंचवीस रात्री गेल्या.
माझ्या खांबाला पाच कळ्या धरल्या,
पाचही पिवळ्या पडून गळल्या.
वारा होता, किंवा मीच पाणी जास्त घातलं.
मुंग्यांनाही दोष देऊन झाला.
बल्ब काढायचा म्हणून शिडी लावली, वर चढले,
आणि सहज पलीकडे पाहिलं:
खिएतच्या अगदी कडेच्या खांबावर,
अर्ध्याच अंगावर,
अंगठ्याएवढी एक.

शिडी उतरले. बल्ब राहू दिला.
त्याला काही सांगितलं नाही.

ती उमलली त्या रात्री खिएत बनियनवरच आला होता,
हात मागे बांधून, परक्याच्या लग्नात उभा असल्यासारखा.
ताटाएवढं पांढरं फूल, उघडताना जरासं हलत होतं.
मी शिडीवर, तो खाली.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
दूर कुणाचा तरी कुत्रा.

"बिल किती झालं, ताई?"
"तीन फळं."
"एकच येईल."
"मग अर्धं."

तो मान खाली घालून हसला, की नुसती मान खाली घातली.
दोन वाजले. मी बल्ब मालवला.
फूल अजून दिसत होतं.