ध चा घ

देगलूरच्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो.
लग्नपत्रिका, आडतीची पावतीबुकं,
कधी एखाद्या पडलेल्या उमेदवाराचे आभार.

परवा नातीचा इंग्रजी कोश चाळताना
एक शब्द दिसला : वूट्झ.
अर्थ, दक्षिणेतलं जुनं पोलाद.
तोंडात घोळवून पाहिला,
शिंक अडावी तसा अडला.

खाली बारीक टायपात त्याचं कूळ :
मुळात उक्कू. कानडी, नाहीतर तेलुगू.
साहेबानं कानावर आला तसा लिहिला, वूक.
मग तिकडे कुणीतरी के च्या जागी
टी आणि झेड वाचले, असा कयास.
भात्यापाशी येऊन विचारणार कोण?
प्रूफ पास.
दोनशे वर्षं तोच छापतायत.

उक्कू तर माझ्या ओळखीचा.
बाजाराच्या दिवशी बिचकुंद्याहून लिंगन्ना यायचा,
इळ्याला नखानं टिचकी मारून कानाशी धरायचा,
"उक्कू हाय का नुस्तं लोखंड?"
केराबाई घिसाडीण घण न थांबवता म्हणायची,
"पानी मी पाजलंय. कापून बगा, मंग बोला."

तिच्या लेकीची पत्रिका मीच जुळवली.
धुरपता.
ध च्या खणात एक घ पडलेला होता.
पन्नास पत्रिका गेल्या,
केराबाईनं हळदीकुंकू लावून वाटल्या,
अक्षर तिला कोणतंच येत नव्हतं.
मला येत होतं.
मी बोललो नाही. कागद महाग होता तेव्हा,
आणि मालक तापट.

ध चा मा सगळ्यांना ठाऊक आहे,
त्यावर माणूस मेला.
माझ्या ध चा घ झाला, त्यावर कुणी मेलं नाही.
सासरच्यांनी पत्रिकेत होतं ते नाव वाचलं,
रेशनवाल्यानं सासरच्यांचं ऐकलं.

काल मुखेड रस्त्याला पाल दिसलं.
भात्याच्या जागी पंखा, घण तोच.
"धुरपता," मी म्हणालो.
तिनं मान वर केली नाही.
दुसऱ्या नावानं हाक मारायला
जीभ उचलेना, मग उचलली.
"काय पायजे, काका?"

शेत नाही मला. इळा घेतला.
टिचकी मारली, बराच वेळ वाजत राहिला.
तिनं पाट्यावर चिकटवलेला कोड पुढे केला.
फोनवर नाव आलं,
जी आणि एच पासून सुरू होणारं.
सवयीनं एकेक अक्षर उलटीकडून तपासलं.
खाली विचारलं होतं, नाव बरोबर आहे का.

पंखा फिरत होता. ती थांबली होती.
मी हो दाबलं.