लाइनमध्ये हवा

नाइट संपवून आले ती झोपलेच नाही.
जेवणाच्या टेबलावर कालचा पेपर अंथरला
आणि सायकलच्या पोटातलं सगळं बाहेर काढलं.
गियरच्या दोन वायरी, गंजून तपकिरी.
ब्रेकच्या दोन, टोकाला उसवलेल्या,
बोपदेवच्या उतारावर
नऊ वर्षं माझ्या पंज्याने खेचलेल्या.

सासूबाई म्हणाल्या, पोळ्या कुठे लाटू मग?
म्हटलं, आज बाहेरून आणू.
त्या वायरी निरखत राहिल्या.
ही लांब मला दे, म्हणाल्या,
दोडका चढत नाहीये.

नवा डबा उघडला.
मागच्या डिरेलरच्या पोटात मोटर, काड्यापेटीएवढी.
बॅटरी सीटच्या नळीत लपवायची.
अठरा हप्ते आहेत,
तेही मी असेच कुठेतरी लपवलेत.

नवी वायर जाईना.
खालच्या नळीत शिरते, बाटलीच्या स्क्रूपाशी अडते,
मागे घेतली की भलत्याच भोकातून डोकं काढते.
नाना पेठेत तांबोळीला फोन लावला.
"ताई, जुनी ओढायच्या आधी
तिच्या शेपटाला दोरा बांधायचा असतो."
असतो.
बांधला नव्हता.
"मग दोऱ्याला कापसाचा बोळा लावा,
पलीकडच्या तोंडाला व्हॅक्यूम धरा. आणि देवाचं नाव घ्या,
तुमच्या किंवा आमच्या, चालतं."
सासूबाईंनी वातींचा कापूस आणून दिला,
एकच वात, मोजून.
व्हॅक्यूम घरघरला, आणि बोळा सुळकन
त्या काळ्या नळीतून पार.
आम्ही दोघी टाळ्या वाजवल्या,
मग जरा लाजलो.

ब्रेकची नळी कापली. पितळी मणी बसवला.
बाटलीतलं तेल सिरिंजमध्ये घेतलं,
गुलाबी.
आणि सकाळपासून चुकणारा हात
एकदम शांत झाला.
हे मला येतं.

बावीस वर्षं डायलिसिस युनिटला.
मशीन बोंबलायच्या आधी
नळीतला बुडबुडा मला दिसतो.
पाच नंबरचे बिडकर मास्तर, मंगळ गुरू शनि,
दंडात दोन सुया आणि तोंडात सूचना,
परवा म्हणाले,
"माझ्या लाइनमध्ये हवा गेली तर मी जाईन.
तुझ्या ब्रेकमध्ये गेली तर तू.
तेव्हा ते काम घाईत करू नकोस."

केलं नाही.
खालून तेल दाबत गेले, हळू,
कात्रीच्या मुठीने नळीवर टकटक,
वर लिव्हरपाशी वाटीत डोळे लावून.
एक आला.
मग बराच वेळ काही नाही.
मग मोहरीएवढा एक, कडेला चिकटून,
निघू की नको करत.
त्यालाही निघायला लावला.

आधी लिव्हर चहात बुडवलेल्या पावासारखं दबायचं,
आता कडी लागल्यासारखं थांबलं.
बटण दाबलं.
झिं.
साखळी एका दातावरून दुसऱ्यावर,
कुणीही काही न ओढता.
आतून आवाज, मिक्सर लावलास का?

सोमवारी पहाटे बोपदेव.
चढताना बोटाच्या टोकाने गियर उतरत गेले,
इतके मुकाट की दोनदा खाली वाकून पाहिलं.
उतरताना मात्र पंजा जुन्या सवयीने मिटला,
एका बोटाचं काम, चारही बोटं धावली,
मागचं चाक घसरलं,
टेम्पोवाल्याने काय म्हटलं ते लिहीत नाही.
पुढच्या डिस्कला तेलाचा हात लागला असणार,
कोंढव्यापर्यंत ती कोकलत आली.
घरी येऊन स्पिरिटने पुसली.

मंगळवारी नखांत अजून गुलाबी.
मास्तरांनी सुया टोचायच्या आधीच विचारलं,
"निघाली सगळी हवा?"
म्हटलं, पुढच्यात एखादा बुडबुडा राहिला असेल.
त्यांनी दंड पुढे केला.
"इथे नको राहू देऊ."