खाणीतून आलेलं कार्ड

कोहत्ला-यार्वेच्या बसथांब्यामागे एक दुकान आहे.
जानेवारीत त्याच्या काचेवर बर्फ धरतो, आतला उजेड तेवढा पिवळा दिसतो.
तिथे कागद घेऊन गेलो. पेन्सिलीने लिहिलेल्या सात ओळी,
त्यातल्या तीन खोडलेल्या.

काउंटरवर झ्लाता. नखं हिरवी.
एस्टोनियन बोलता बोलता रशियनमध्ये घसरते,
मी उलटा घसरतो. अधेमधे कुठेतरी गाठ पडते.
"गेम खेळायला?"
"नाही, बांधायला. एक बोगदा. साठ मीटर खाली.
डोळ्यांवर हेडसेट चढवून आत शिरता येईल असा."
"खरा कुठे आहे?"
"पाण्यात. पंप बंद केले, भरला."

तिने माझा कागद स्वतःकडे ओढला.
दोन डोळे म्हणजे दोन चित्रं, म्हणाली,
सेकंदाला नव्वद वेळा. मध्ये अडखळलं की पोटात ढवळतं.
हे मला समजावून सांगायला नको होतं.
आर्वेद नवा होता, पिंजरा खाली सोडायचा,
तेव्हा सकाळचा पाव आमच्या घशाशी यायचा.

प्रोसेसर मधलाच घ्या, म्हणाली,
मुकादमावर पैसे घालू नका, खणणाऱ्यावर घाला.
(ही पोरगी कधी खाली उतरलेली नाही. तरी.)

वीजपुरवठ्याचा हिशेब सहाशे वॅटचा निघाला.
मी साडेसातशेचा मागितला.
छताला टेकू मोजून लावत नाहीत.
मोजून लावणाऱ्यांची नावं
कचेरीबाहेरच्या दगडावर कोरलेली आहेत.

मग पेट्या. सगळ्या काचेच्या, आत रंगीत दिवे.
दिवा कपाळावर असतो, म्हटलं, पोटात लावून कोण हिंडतं?
ती हसली, आणि सगळ्यात खालच्या फळीवरून
एक साधी काळी पेटी काढून बाहीने पुसली.

"पण अंधारच दाखवायचा,
तर एवढं महाग कार्ड कशाला?"

काळा रंग फुकट मिळतो, झ्लाता. अंधार नाही.
झोतात धूळ फिरते, तिचा कण न् कण
थोडा उजेड गिळतो, थोडा परत देतो.
ओल्या भिंतीवर दुसऱ्याच दिव्याचा डाग हलतो,
माणूस अजून वळणापलीकडे,
आणि डाग कसा हलतो त्यावरून कळतं
लेंबित येतोय की ओलेग, आणि आज कोणाचा गुडघा दुखतोय.

ती गप्प झाली. मग आतून एक वापरलेलं कार्ड आणलं,
निम्म्या किमतीचं. पण खोटं बोलली नाही:
"हे मायनिंगला होतं. तीन वर्षं, दिवसरात्र.
पंखे घरघरतात."
मी एकतीस वर्षं, म्हटलं. ऐक.
आणि छाती भरून श्वास घेतला.
तिला वाटलं, आता हे म्हातारं तेच कार्ड उचलणार.
हातात घेतलं खरं. जड होतं. कडेला राखाडी धूळ.
परत ठेवलं.
खाणीतून आलेल्याला मी पुन्हा खाणीत धाडणार नाही.
नवं दे. उरलेले फेब्रुवारीत देतो.

घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
सूप बाजूला सारून सगळं जोडलं.
चालू होईना. दोन दिवस.
झ्लाताला फोन केला तर म्हणे, रॅम दाबा, टक् होईपर्यंत.
इतक्या महागाच्या वस्तूला इतकं जोरात दाबायचं असतं
हे कोणत्याही पुस्तिकेत नव्हतं.
टक्.

आठ आठवडे गेले. अजून फक्त जमीन झाली आहे,
डावी भिंत, आणि जेवायला बसायचं ते फळकूट.
काल रात्री हेडसेट चढवून उभा राहिलो
आणि एक पाऊल टाकलं.
छत अजून बांधलेलं नाही,
वर नुसता राखाडी रिकामेपणा.
मान आपोआप खाली गेली.