मागची वीण

बत्तीस वर्षं मी हे मैदान
पोरांच्या गुडघ्यांवर वाचलं.
मुरुमाची अक्षरं, बारीक, तांबडी, आत रुतलेली.
शिट्टी झाली की कुणीतरी लंगडत यायचं,
मी कपाटातून टिंक्चर काढायचो,
कापूस, फुंकर,
आणि "रडतो काय बे, खेळाडू ना तू?"

दर जूनला नवी बाटली.
दिवाळीच्या आत रिकामी.

खरी हिरवळ एका साली लावून पाहिली होती.
हरळीचे गड्डे आणले होते ओढ्याकाठून, पोत्यात भरून.
पण ज्या वस्तीत पाचव्या दिवशी नळ येतो
तिथे गवताच्या तोंडाशी पाइप धरायचा म्हणजे...
कुंपणाबाहेर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या.
कुणी काही बोललं नाही.
मी पाइप गुंडाळला.
मार्चात गवत गेलं
आणि मुरूम परत आला, आपल्याच घरी आल्यासारखा.

आता हे आलंय, ट्रकमधून, गुंडाळ्यांनी.
लग्नाच्या मांडवात सतरंजी उलगडावी तसं उलगडलं.
उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी
भूमय्या येमुल आला, सातवीतल्या हर्षिताचा बाप,
टॉवेलच्या कारखान्यात रातपाळीला जाता जाता.
चपला बाहेर काढल्या.
मी म्हटलं, असू द्या की.
म्हणाला, कापडावर पाय देत नाही सर आम्ही.

कोपऱ्यात उकिडवा बसला,
अजून न चिकटवलेली कड उचलली, उलटी केली.
दिवसभर सगळे हिरवा रंग बघून गेले होते.
हा एकटाच पाठ बघत होता.
अंगठ्याने टाके मोजले,
एक पातं चिमटीत धरून ओढलं, निघालं नाही.
"लूप कापलेत सर. तसेच ठेवले असते
तर आमचा टॉवेलच हा.
फक्त पाणी पीत नाही."
मग स्वतःशीच, घरच्या बोलीत, "मंचिगुंदि."
कड खाली ठेवून
तळहाताने दोनदा सारखी केली.

खोटं कशाला सांगू,
एप्रिलच्या दुपारी हे तव्यासारखं तापतं.
इरप्पा शिपाई म्हणतो, भाकरी टाका, फुगेल.
त्याची फक्कीची बादली गेली, त्याचाही राग असेल त्यात.
आम्ही सकाळी साडेसहाला खेळतो,
दहाला फाटकाला कुलूप.
काळे रबरी दाणे बुटांतून घरोघर जातात.
हर्षिताच्या आईला बिडीच्या सुपात सापडतात, तंबाखूत.
तिने महिन्याभराचे वेचून
काडेपेटीतून पाठवले,
शाळेचा माल शाळेत.

पण सप्टेंबरात रात्रभर कोसळून गेला
आणि सकाळी पोरं खेळत होती.
पूर्वी चार दिवस मी वर्गात
फळ्यावर फुटबॉल शिकवायचो.

हर्षिता गोलात उभी असते.
मुरुमावर ती कधी झेपावली नाही,
चेंडू बाजूने जायचा, ही उभ्या उभ्या हात करायची.
मी माझ्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलं होतं, भित्री.

काल ती डावीकडे गेली.
पूर्ण आडवी, जमिनीपासून हातभर वर,
चेंडू बोटांना लागून खांबाबाहेर.
पडली, उठली, सवयीने कोपर झटकलं,
झटकायला काही नव्हतं.
तिने कोपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

फेब्रुवारी चाललाय, बाटली अर्धी आहे.
झाकण घट्ट बसलंय, उघडावं लागलं तर पक्कड हवी.

संध्याकाळी वही काढली, तो शब्द खोडला.
बॉलपेन तेव्हा जोरात दाबलं असणार मी.
पान उलटलं तर
मागच्या बाजूला तो
अजून हाताला लागतोय.