हात हलवत

जानेवारीत आमच्याकडे फोनचा हंगाम.
न्यूफाउंडलंडचा बर्फ निम्म्या खिडकीपर्यंत,
भिंतीवर को-ऑपच्या दुकानाचं कॅलेंडर,
सप्टेंबरचं पान आधीच वर काढून ठेवलेलं,
आणि मी पिठाचे हात पुसत
"पायन आउटफिटर्स" म्हणते
सासू म्हणायची त्याच आवाजात.

प्रश्न ठरलेले.
नर केवढे? शिंगांचा पसारा किती?
विसार किती, परत मिळतो का?
एका वाटाड्यामागे माणसं किती?
आणि मग जरा थांबून, घसा खाकरून:
खात्री देता का?

खात्री.
कॅरिबूला कुणी विचारलंय?
तो वाऱ्याकडे तोंड करून चालतो,
दगडफूल खरवडत, घोटे टकटक वाजवत.
त्याला काय ठाऊक, ओहायोत कुणीतरी
ट्रक विकून सहा दिवस विकत घेतलेत.
मी म्हणते, खात्री गरम जेवणाची. कोरड्या मोज्यांची.
नोएल जेडोरच्या डोळ्यांची.
बाकी धुकं ठरवील.

मग ते जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागतात.
तीही यादी तयार, फ्रिजवर, चुंबकाखाली:
पाच जण, पाचांच्या भिंतींवर पाच मुंडकी.
यात सगळेच आउटफिटर सारखे.
सोयरीक जुळवताना घरातला पिणारा काका
कोण पुढे करतो?

एकोणतीस वर्षांत एकानंच वेगळं विचारलं.
नेब्रास्कातला पोस्टमन, ऑर्विल टेश्के,
बोलायचा असा, की प्रत्येक शब्दाला तिकीट लावतोय.
म्हणाला, बाई,
ज्याला काहीच मिळालं नाही
अशा कुणाचा नंबर आहे का?

किटली शिट्टी मारत राहिली.
हेडली शेडमध्ये बोटीचं इंजिन उघडून बसलेला,
त्याला दारातून विचारलं.
"वेड लागलंय का," तो म्हणाला,
पाना न थांबवता.

मी वही काढली.
"काय मिळालं" च्या रकान्यात आडवी रेघ:
ड्वेन कुबिअक, मिशिगन, वेल्डर, सहा दिवस.
सहाही दिवस धुकं.
पहिल्या दिवशी तो घड्याळ बघत होता.
दुसऱ्या दिवशी पैसे मोजत होता,
मनातच, पण ओठ हलत होते.
तिसऱ्या दिवशी माझ्या स्टोव्हचं गळकं नळकांडं
कुणी न सांगता सांधलं त्यानं.
चौथ्या दिवशी नोएलनं त्याला शिकवलं
धुक्यात नुसतं ऐकायचं कसं.
दलदलीपलीकडून ती टकटक,
जशी कुणी म्हातारी अंधारात
कुणाच्या तरी नावानं बोटं मोडतेय.
पन्नास असतील. शंभरही.
एकही दिसला नाही.
बंदूक मांडीवर, ओली.

सहाव्या दिवशी विमान तळ्यावर उतरलं.
मांसासाठी आणलेली खोकी
रिकामी, एकात एक घातलेली.
मला वाटलं, आता विसाराचं भांडण.
त्यानं धक्क्यावर हेडलीचा हात हातात घेतला,
बराच वेळ, बोलला काही नाही, चढला.
हात हलवत गेला तो.
म्हणजे खरंच, खिडकीतून,
तळं संपेपर्यंत.

नंबर दिला.

दहा दिवसांनी पाकीट आलं, तिकीट अगदी काटकोनात.
आत विसाराचा चेक आणि चिठ्ठी:
"कुबिअक दीड तास बोलला.
त्यातला पाऊण तास तुमच्या पावावर.
उरलेला धुक्यावर.
दोन माणसांचं लिहून घ्या.
तोही येतो म्हणतोय."

सप्टेंबरच्या पानावर मी लिहिलं:
दोन खाटा, स्टोव्हच्या बाजूच्या.
मैद्याची एक गोणी जास्त.
हेडलीनं वाचलं. काही म्हणाला नाही.
कानामागची पेन्सिल काढून
खाली एक ओळ घातली:
नळकांडं पुन्हा गळतंय.